बिनआवाजाची हाक

कळा कशा असतात, हे मला नऊ महिने ज्यानं त्यानं फुकटात सांगितलं. शेजारीण म्हणाली, पाळीत दुखतं ना, तसंच, जरा जास्त. मुकादमाची बायको म्हणाली, अंगातली सगळी हाडं एका वेळी मोडल्यासारखं. या बाईनं जन्मात करंगळीचंसुद्धा हाड मोडून घेतलेलं नाही, पण सांगायला काय जातंय! वरच्या मजल्यावरची मास्तरीण म्हणाली, बाळाचं तोंड बघितलं की सगळं विसरशील. ही तर शुद्ध थाप. मी काहीएक विसरलेले नाही, विचारा कधीही.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती. कळ येते तेव्हा तुमच्याभोवती माणसांचा बाजार भरलेला असला तरी तुम्ही एकट्या असता. आत यायला कुणाला जागाच नसते.

माझ्याभोवती तर बाजारही नव्हता. नवरा जहाजावर खानसामा. माझे दिवस भरत आले तेव्हा तो कुठल्या समुद्रात कुणासाठी कांदे चिरत होता, देव जाणे. आईवडील कधीच गेलेले. घरात मी आणि सासूबाई. आणि सासूबाई ठार बहिऱ्या.

त्या बहिऱ्या जन्मापासून नव्हत्या. विणकामाच्या शेडमध्ये उभा जन्म माग चालवून त्यांचे कान गेले. मीही त्याच शेडमधली. तिथं शेकडो माग एकदम खडखडतात, त्यात तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलात तरी शेजारणीला पत्ता लागत नाही. म्हणून आमच्यात कुणी ओरडतच नाही. आम्ही ओठांनी बोलतो. शब्द नीट, मोठा तोंडात करायचा, आवाज मात्र काढायचा नाही. उगाच घसा कशाला खरवडायचा? नवी पोरगी आली की जुनी बाई तिचा हात स्वतःच्या गळ्याला लावते आणि बोलून दाखवते. गळा हलता कामा नये. मला हे सासूबाईंनीच शिकवलं, त्या माझ्या सासूबाई व्हायच्या आधी. समोरचीचं लक्ष नसेल तर आम्ही दोघी उभ्या असायचो त्या लाकडी फळीवर टाच आपटायची. दोनदा, मग जरा थांबून एकदा. ते पायातून कळतं. म्हणजे काय, तर बाई, इकडे बघ.

घरीही आमचं हेच. मी स्वयंपाकघरातून टाच आपटायची, त्या बाहेरून मान वळवायच्या. चाललं होतं बरं. मग आमचं वाजलं.

आधीचं माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, कुणाचा दोष नाही. म्हटलं, ठीक. कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी शेजारणीलाही नाही. आणि या वेळी पोट दिसायला लागल्यावर सासूबाईंनी जिन्यात उभं राहून मास्तरणीला सांगितलं, ‘पहिलं राहिलं नाही हो हिचं! आता हे तरी राहू दे!’ बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. त्यांचा आवाज म्हणजे काय विचारता. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना माझं दुःख घरपोच मिळालं. दुसऱ्या दिवशी दूधवाला माझ्याकडे कळवळून बघायला लागला. दूधवाला!

मी घरी येऊन अशी भडकले की विचारू नका. ‘माझी गोष्ट सांगणाऱ्या तुम्ही कोण?’ म्हटलं. तर त्यांनी काय करावं? डोळे मिटून घेतले. संपलं! जिला ओठ बघूनच ऐकू येतं तिनं डोळे मिटले की तुम्ही भिंतीशी बोलताय. मी बोटं नाचवली, ताट आपटलं, पाय आपटले. बाई डोळे मिटून गप्प. त्या दिवसापासून मी टाच आपटणं बंद केलं. जेवायला वाढायचं, समोर ठेवायचं, निघून जायचं. मी काही बोलायला गेले की त्या डोळे मिटणार, म्हणून मी बोलायला जातच नव्हते. दोन बायका एका घरात आणि दिवसभरात एक शब्द नाही. खरं सांगते, शेडमधला खडखडाट बरा वाटायचा.

त्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. कंबरेत काहीतरी धरल्यासारखं झालं. मोठं काही नाही, पाठीमागून कुणी मुठीत कापड पकडावं आणि जरा ओढून सोडावं, एवढंच. मी ओट्याला धरून उभी राहिले. गेलं. पुन्हा आलं तेव्हा ते पाठीतून निघून दोन्ही बाजूंनी पुढं आलं आणि बेंबीखाली येऊन मिळालं. पोट फळीसारखं कडक. मग हळूहळू सैल. मनात म्हटलं, गॅस असेल.

तेवढ्यात पाठीवर तळवा टेकला. सासूबाई कधी मागं येऊन उभ्या राहिल्या कळलंही नाही. कान गेल्यावर त्या माग तळव्यानं ओळखायच्या. चालत्या मागावर हात ठेवला की कुठं बिघडलंय ते सांगायच्या. तसाच तो हात माझ्या कंबरेवर ठेवून त्या थांबल्या. पुढची आली, चढली, उतरली. मग त्या म्हणाल्या, ‘चालू झालंय. चल.’

मी वळून म्हटलं, ‘मी एकटी जाईन.’

त्यांनी डोळे मिटले. आणि डोळे मिटूनच चपला घातल्या.

टॅक्सीतही त्या तशाच बसल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. कळ आली की मी दाराचं हँडल घट्ट धरायची आणि ती गेली की पुन्हा रस्ता दिसायचा. दुकानं उघडत होती, एक माणूस फूटपाथवर पाणी मारत होता. त्याला काही फरक पडत नव्हता. मला त्याचा राग आला. नवऱ्याला फोन लावला, तर तीच बाई तेच बोलत होती, की संपर्क होऊ शकत नाही. निरोप लिहिला, तोही तसाच पडून राहिला.

दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. सासूबाईंच्या दृष्टीनं ते सगळं गावच मुकं झालेलं. सिस्टर त्यांना काय काय सांगत होती, कुठं बसायचं, काय आणायचं, आणि या आपल्या सगळ्याला मान डोलावत होत्या. सिस्टरनं वैतागून माझ्याकडे बघितलं. ‘यांना काही कळत नाही का?’

‘ऐकू येत नाही,’ म्हटलं.

‘मग आत नको. आमची धावपळ चालू असते, मध्ये येतील. बाहेर बसू दे.’

एका मनानं बरंही वाटलं. आणि दार लागल्यावर त्याच मनाला असं वाटलं, की सासूबाईंनी निदान एकदा तरी हट्ट करायचा होता.

खोली लहान, पलंग लोखंडी आणि नको तेवढा उंच. तो एका पार्टिशनला लागून होता. पार्टिशन खाली प्लायवुडचं, वर काचेचं. पलीकडे बाकडं आणि बाकड्यावर सासूबाई. मला काचेतून दिसत होता फक्त त्यांचा अंबाडा. छोटासा, पांढरा, कांद्याएवढा. माझ्याकडे पाठ करून बसलेला.

‘बेल बिघडलीय,’ सिस्टर जाताना म्हणाली. ‘काही वाटलं तर हाक मारा. मी पलीकडेच आहे.’

पलीकडच्या खोलीत एक बाई होती. मी तिचं नाव भोंगा ठेवलं. कळ सुरू व्हायच्या आधीच ती सुरू व्हायची. ‘अगं आई गं! मेले गं! त्याला बोलवा, त्या मेल्याला, इथं बोलवा!’ तिची आई, तिची मावशी, तिची वहिनी, सगळ्या आळीपाळीनं दारात. कुणी पाणी आणतंय, कुणी पाठ चोळतंय. मला आधी हसू आलं. मग असूया वाटली. एवढी वाटली की डोळ्यांत पाणी आलं. मला कुणाला शिव्या द्यायच्या म्हटलं तरी शिव्या खायला माणूस नव्हतं.

आता ऐका कळ कशी असते. दोन बायका ओली चादर पिळतात ना, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोघी उलट्या दिशेनं पीळ देत जातात? ती चादर म्हणजे मी. पीळ चढत जातो. वाटतं, आता बस, यापुढं पीळ बसायला कापडच उरलं नाही. आणि तरी एक वेढा बसतो. त्या टोकावर ना खोली असते, ना नाव, ना नवरा, ना भांडण. मग कुणीतरी एक टोक सोडतं आणि सगळं उलगडतं. घाम थंड होतो. छताचा पंखा दिसतो. इतकं शांत वाटतं की झोप लागेल. आणि तेवढ्यात लांबून, पाठीच्या तळातून, ती पुन्हा निघालेली कळते. दुखण्यापेक्षा हे वाईट. ती येतेय हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि कुणाला सांगावं तर कुणी नाही.

सिस्टर मध्येच येऊन बघून गेली. ‘अजून वेळ आहे. किती शांत आहात हो! असा पेशंट मिळायला नशीब लागतं.’ तिनं माझा खांदा थोपटला. तिचा हात निघाला तेव्हा मला वाटलं, धरून ठेवावा. पण पलीकडे भोंगा झाला आणि ती गेली.

मग सगळं बदललं. पाणी फुटलं, पलंगभर ऊन ओल पसरली, आणि पुढची कळ आली ती निराळीच. आता पीळ नव्हता. आता आतून कुणीतरी खांदा लावून दार ढकलत होतं. मी काही करत नव्हते, माझं अंग आपलं आपण जोर लावत होतं, मला न विचारता. मी हाक मारली. ‘सिस्टर!’

कुणी आलं नाही.

कळ उतरली, मी श्वास घेतला, पुन्हा हाक मारली. ‘सिस्टर! बाळ येतंय!’ दाराच्या फटीतून मला भोंग्याच्या खोलीत तिची पाठ दिसत होती. ती वळलीसुद्धा नाही. मला असा संताप आला! म्हटलं, शांत पेशंट आहे म्हणून काय मरू द्यायचं? मी तिला नको ते बोलले. तिच्या खानदानाला बोलले. ती आपली भोंग्याच्या कपाळावरचा घाम पुसतेय.

आणि तेव्हा माझा हात गळ्याकडे गेला. का गेला, देव जाणे. मी ‘सिस्टर’ म्हटलं आणि गळा हललाच नाही.

म्हणजे इतका वेळ मी शेडमधली हाक मारत होते. तोंड वासून, शब्द मोठा करून, बिनआवाजाची. मघापासून मी जे जे विव्हळले, जे जे ओरडले, ते कुणाच्याच कानावर गेलं नव्हतं. म्हणून मी शांत. म्हणून नशीब लागतं.

आता कळल्यावर तरी आवाज काढ की बाई, असं तुम्ही म्हणाल. काढायला गेले. पण दोन कळांच्या मध्ये आता श्वासापुरतीच जागा उरली होती. कळ यायची, तोंड उघडायचं आणि इतक्या वर्षांची सवय आवाज गिळून टाकायची. एकदा जरासा निघाला, मांजराएवढा. त्याच वेळी भोंगा वाजला. संपलं.

मी खाली हात लावला. बोटांना केस लागले. ओले, मऊ. माझं एक आधीच गेलं होतं. हे आता दारात उभं होतं आणि त्याला धरायला कुणी नव्हतं. मी उठू शकत नव्हते आणि पलंग उंच. तेव्हा मला जी भीती वाटली ती दुखण्याची नव्हती. वाटलं, हेही माझ्या हातून एकटीच्या खोलीत जाणार. आणि मग जिन्यात सांगायला पुन्हा एक गोष्ट होणार.

काचेतून अंबाडा दिसत होता.

मी पाय उचलला आणि प्लायवुडवर टाच आपटली. दोनदा, मग एकदा. अंबाडा हलला नाही. त्या पुढं वाकून बसलेल्या, पाठ पार्टिशनला टेकलेलीच नव्हती. कळ आली. मी जग विसरले. परत आले तेव्हा पुन्हा आपटली, दोनदा, एकदा, अशी की टाच सोलवटली. अहो आई, इकडे बघा! राग धरा, माझ्याशी जन्मभर बोलू नका, पण आता इकडे बघा!

अंबाडा ताठ झाला. मग तिथं अंबाड्याच्या जागी सासूबाईंचा चेहरा आला, काचेला नाक लागलेला.

मी ओठ हलवले. ‘बाळ येतंय.’

त्या सिस्टरला शोधायला धावल्या नाहीत. तिथंच, काचेसमोर उभं राहून, त्यांनी तो आवाज लावला. तोच. जिन्यातला.

‘बाळ येतंय! अगं ए तोंड बांधलेल्यांनो, धावा! माझ्या सुनेचं बाळ येतंय!’

काच थरथरली. भोंगा चक्क गप्प झाली. सिस्टर आली ती पळतच, मागून दुसरी, आणि त्यांच्याही आधी सासूबाई दारातून आत. सिस्टरनं चादर उचलली आणि म्हणाली, ‘अहो बाई! हाक नाही का मारायची!’

मारली की, म्हटलं. अर्थातच तिला ऐकू गेलं नाही.

‘यांना बाहेर न्या,’ ती दुसरीला म्हणाली. सासूबाईंना मास्कमागचं काही कळलं नाही, पण कोपराला धरलेलं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांनी म्हटलं, ‘राहू दे यांना.’

‘ती म्हणतेय राहू दे!’ सासूबाई गरजल्या. ‘ऐकू नाही येत का तुम्हाला?’

सिस्टरनं एक क्षण आम्हा दोघींकडे बघितलं. मग मास्क हनुवटीखाली ओढला आणि सासूबाईंच्या समोर तोंड आणून सावकाश म्हणाली, ‘खांद्याला धरा. घट्ट.’ त्यांनी धरलं. तो तळवा, सुतानं घट्टे पडलेला. पुढची कळ निघाली तेव्हा माझ्याआधी त्यांच्या हाताला कळली. ‘आली बघ,’ त्या म्हणाल्या. कुणाला तरी माहीत होतं की ती येतेय.

मी म्हटलं, ‘डोळे मिटू नका.’

‘नाही गं मिटत.’

आणि नाही मिटले. मी दात खाल्ले, त्यांची साडी ओढली, आठवतील तेवढ्या शिव्या त्यांना दिल्या, एक एक शब्द नीट मोठा करून. त्यांनी सगळ्या वाचल्या. पापणी लवली नाही. आत कुणाला येता येत नाही, हे मी आधी सांगितलं, ते खरंच आहे. पण उंबऱ्याशी कुणी बसलंय की नाही, याच्यानं फार फरक पडतो.

‘थांबा, आता जोर नको,’ सिस्टर एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला. ‘नाळ आहे गळ्याशी.’ तिची बोटं भरभर चालली. मी कुत्र्यासारखी धापा टाकत थांबले. थांबणं हे ढकलण्यापेक्षा अवघड. मग ती म्हणाली, आता, आणि काहीतरी मोठं, ऊन, निसरडं माझ्यातून निघून गेलं, आणि मी रिकामी झाले.

खोलीत आवाज नव्हता.

सासूबाई बाळाकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ‘रडलं?’

मी मान हलवली. नाही.

सिस्टर बाळाला पुसत होती, चोळत होती, पाठीवर, तळपायावर. काही नाही. ‘आता?’ सासूबाईंनी विचारलं, आणि या वेळी त्यांनीही ओठांनीच विचारलं. त्यांचा तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. मी पुन्हा मान हलवली. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. त्या काय ऐकणार, त्यांचे कान म्हणजे माझा चेहरा, आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना द्यायला काही नव्हतं.

मग खोकल्यासारखं काहीतरी. मग चिडल्यासारखं. आणि मग जे काही सुरू झालं! त्यापुढं भोंगा काहीच नाही.

‘रडलं,’ मी म्हटलं. ‘आई, रडतंय!’

पण त्यांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतेय. सिस्टरनं बाळ आणून माझ्या छातीवर ठेवलं, पोरगी होती, जांभळी, चिडकी, ओली. सासूबाईंनी तो तळवा उचलला आणि तिच्या एवढ्याशा पाठीवर ठेवला. जसा मागावर ठेवायच्या तसा. पोरगी रडत होती, तिचं सगळं अंग हलत होतं.

आणि सासूबाईंनी डोळे मिटले.

कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

‘केवढ्यांदा रडतेय गं!’ त्या म्हणाल्या, आणि पार शेवटच्या खोलीपर्यंत सगळ्यांना कळलं.

‘तुमच्यावर गेलीय,’ मी म्हटलं. आवाज काढून म्हटलं, चांगला मोठा. त्यांना काय ऐकू जाणार, डोळे मिटलेले. म्हटलं, उघडतील तेव्हा पुन्हा सांगू, आणि वाट बघत पडून राहिले.